मुंबई ते विलायत: अंतर आणि थांबे

मुंबई आणि लंडन यांच्यातले हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर ही दोन शहरे जोडणारी सर्वांत जवळची रेषा काढली, तर ती अरबी समुद्रावरून बलुचिस्तानात शिरते, इराण ओलांडते, जॉर्जियातल्या तिब्लिसी शहराजवळ निम्मे अंतर गाठते आणि पुढे काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी असे करत इंग्लंडला पोहोचते. या रेषेवरून सरळ जाणे गेल्या दोनशे वर्षांत प्रवाशांना क्वचितच जमले. जहाजाला कोळसा लागे, विमानाला पेट्रोल लागे, रात्री उतरावे लागे, मध्ये पर्वत येत आणि परक्या देशांची परवानगी घ्यावी लागे. त्यामुळे प्रत्यक्षातली वाट नेहमीच वाकडी राहिली. विलायतेचा प्रवास सहा महिन्यांवरून नऊ-दहा तासांवर आला, त्याचे श्रेय एरवी इंजिनाच्या वेगाला दिले जाते. या मार्गाचा इतिहास पाहिला तर वाटेतल्या थांब्यांचा वाटा वेगाइतकाच, काही काळात त्याहून मोठा दिसतो.

शिडाच्या जहाजांच्या काळात आफ्रिकेला वळसा घालून जायला चार ते सहा महिने लागत. वारा अनुकूल नसला तर त्याहून जास्त. मोसमी वाऱ्यांच्या विरुद्ध जाणे शक्यच नसल्यामुळे निघण्याचा महिनासुद्धा वाराच ठरवी. तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत, तिथून जमिनीवरून भूमध्य समुद्रापर्यंत आणि पुढे पुन्हा जहाजाने, ही वाट कितीतरी जवळची होती. पण तांबड्या समुद्रातल्या वाऱ्यांपुढे शिडे हतबल ठरत. तिथे वाफेच्या जहाजाचीच गरज होती. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातल्या कारागिरांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्यात साधारण साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी रचना होती आणि एडनपर्यंतच अकरा दिवस लागणार होते. म्हणून मिळेल त्या जागेत, प्रवाशांच्या खोल्यांतसुद्धा, कोळसा भरला गेला. एडनला पोहोचताना काही तास पुरेल एवढाच कोळसा उरला होता. सुएझ गाठायला एकूण सुमारे ३३ दिवस लागले. त्यांपैकी १२ दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यात गेले. प्रत्यक्ष प्रवास २१ दिवसांचाच होता.

या हिशेबातून राज्यकर्त्यांनी घ्यायचा तो बोध घेतला. जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन काबीज केले. त्यामागे इतरही हेतू होते, पण आगबोटींसाठी कोळशाचे कायमचे ठाणे हे त्यातले ठळक कारण होते. पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चालला. इजिप्तमधला टप्पाही सुधारत गेला. टॉमस वॅगहॉर्न या धडपड्या इंग्रज माणसाने टपाल आणि प्रवासी वाळवंटातून नेण्याची व्यवस्था उभी केली. अलेक्झांड्रिया ते कैरो रेल्वे १८५६ मध्ये आणि कैरो ते सुएझ रेल्वे १८५८ मध्ये धावू लागली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि बोट बदलण्याचा खटाटोपही संपला. १८७० मध्ये समुद्राखालून तार आली. तेव्हापासून कापसाचे भाव लंडनहून मुंबईला तासाभरात कळू शकत होते, माणूस मात्र तीन आठवड्यांनी पोहोचत होता. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीतला हिशेबही तोच आहे: लंडन ते सुएझ सात दिवस, सुएझ ते मुंबई तेरा.

त्यानंतरची साठ वर्षे या प्रवासाचे मान फारसे बदलले नाही. सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ बोट १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून निघाली आणि मार्सेलिसला त्यांनी समुद्रात उडी घेतल्याच्या प्रसिद्ध प्रसंगानंतर ते २२ जुलैला मुंबईत पोहोचले. घाई असणारे प्रवासी मार्सेलिसला उतरून फ्रान्समधून रेल्वेने जात आणि आठवडाभर वाचवत. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १५ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून निघाले, ते २९ ऑगस्टला लंडनला पोहोचले. गांधीजी २९ ऑगस्टला ‘राजपुताना’ बोटीने निघाले आणि १२ सप्टेंबरला पोहोचले. दोघांनाही १४ दिवसच लागले. बॅलार्ड पिअरवरून सुटणारी टपालाची बोट हे मुंबईच्या आठवड्याचे घड्याळ होते. पेढ्या, कचेऱ्या आणि वर्तमानपत्रे तिच्या वेळापत्रकावर आपली पत्रे लिहून ठेवत. पत्र पाठवून त्याचे उत्तर हाती येईपर्यंत महिना उलटे.

याच १९३१ साली लंडनहून कराचीला विमानाने एका आठवड्यात येता येत होते. तरीही परिषदेला निघालेले पुढारी बोटीनेच गेले, याचे कारण विमानमार्गाच्या घडणीत सापडते.

पहिले महायुद्ध संपताच, डिसेंबर १९१८ मध्ये हँडली पेज कंपनीचे एक चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान इंग्लंडहून निघाले आणि जानेवारी १९१९ मध्ये भारतात उतरले. सुमारे एक महिना लागला. बोटीपेक्षा हे अधिकच. पण विमान येऊ शकते हे सिद्ध झाले. पुढचे काम वाट बांधण्याचे होते. १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने कैरो ते बगदाद टपालसेवा सुरू केली. वाळवंटात वैमानिकाला खुणेसाठी ना नदी ना डोंगर, म्हणून जमिनीवर शेकडो किलोमीटर लांब चाकोरी उमटवली गेली, काही ठिकाणी नांगराने तास काढले गेले. वैमानिक खाली पाहत ती रेघ धरून उडत. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल एअरवेज कंपनीने १९२७ मध्ये हा मार्ग आपल्याकडे घेतला आणि बसऱ्यापर्यंत वाढवला. बसऱ्याच्या पुढे इराणचा किनारा होता. तिथल्या सरकारने परवानगी देण्यात दोन वर्षे घेतली. विमाने तयार, वैमानिक तयार, आणि कराचीचा मार्ग अडून राहिलेला.

अखेर ३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीची साप्ताहिक सेवा सुरू झाली. तिचे भाडे १३० पौंड होते, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वासतराशे रुपयांच्या वर. एवढे पैसे मोजणाऱ्याचा प्रवास असा होई: क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलला, तिथून रात्रीच्या रेल्वेने आल्प्स पार करून इटलीत जेनोआला, जेनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने रोम, नेपल्स, अथेन्स, क्रीट असे करत अलेक्झांड्रियाला, आणि तिथून चाकांच्या विमानाने गाझा, बगदाद, बसरा, बुशायर, जास्क, ग्वादर या टप्प्यांनी कराचीला. आल्प्सवरून सुरक्षित जाण्याइतकी उंची त्या विमानांना झेपत नव्हती आणि इटलीच्या सरकारचे निर्बंधही होते. काही महिन्यांतच इटलीशी वाद झाला आणि मार्ग बदलावा लागला. नंतर कित्येक वर्षे प्रवासी पॅरिसहून ब्रिंदिसीपर्यंत चक्क रेल्वेने जात. १९३२ मध्ये इराणने किनारा वापरू देणे थांबवले, तेव्हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूला सरकला. त्यासाठी शारजाच्या शेखाशी करार झाला आणि तिथे विमानतळासोबत प्रवाशांसाठी किल्ल्यासारखे विश्रामगृह बांधले गेले. आखाती शहरे जागतिक विमानमार्गांवर आली ती या वळणामुळे.

या मार्गावरची ‘हॅनिबल’ जातीची मोठी दुपंखी विमाने ताशी जेमतेम १६० किलोमीटर वेगाने जात. आत लाकडी अस्तर, गाद्यांच्या खुर्च्या आणि टेबलावर जेवण, अशी बडदास्त होती. विमाने फक्त दिवसा उडत. संध्याकाळी प्रवासी उतरत, विश्रामगृहात झोपत आणि पहाटे पुन्हा निघत. सात दिवसांपैकी हवेत घालवलेला वेळ मोजला तर तो दोन-तीन दिवसांचाच भरतो. बाकीचा सगळा काळ पेट्रोल, रेल्वे, झोप आणि परवानगी यांनी घेतला.

मुंबईसाठी अडचण आणखी एक होती. विमान कराचीला थांबे. तिथून टपाल रेल्वेने यायला लागणारे दिवस धरले की हवाई मार्गाने वाचवलेल्या वेळेचा मोठा भाग वाया जाई. पुढे इम्पीरियलचा मार्ग कराचीहून पूर्वेला, कलकत्ता आणि सिंगापूरकडे वाढला, तोही मुंबईला वगळून. अर्धे शतकभर विलायतेचे प्रवेशद्वार म्हणून मिरवलेले हे शहर हवाई नकाशावर आडबाजूला पडले. भूगोल सरळ होता: इराणच्या किनाऱ्यावरून येणाऱ्याला कराची आधी लागते, आणि कलकत्त्याला जाणाऱ्याला मुंबई वाटेत लागत नाही.

ही तुटलेली कडी जोडण्याचे काम जे. आर. डी. टाटा आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी केले. टाटांना १९२९ मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यात एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. १९३० मध्ये टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर हा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगच्या अभावी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. शर्यत अस्पीने थोड्या फरकाने जिंकली. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. एका सुट्या भागासाठी अर्ध्या वाटेवर अडकून राहणे हे त्या काळच्या उड्डाणांचे खरे स्वरूप होते, आणि प्रतिस्पर्ध्याला तो भाग देणे हा त्या काळच्या वैमानिकांमधला एकोपा.

व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक. कराचीहून मुंबईमार्गे मद्रासला टपाल नेण्याची योजना त्यांनी टाटांपुढे मांडली. सरकारने अनुदान नाकारले, वजनाप्रमाणे टपालाचे पैसे देण्याचे तेवढे मान्य केले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टाटा स्वतः ‘पस मॉथ’ हे लहान विमान घेऊन कराचीहून निघाले. सोबत इम्पीरियलच्या विमानाने आलेले सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून दुसऱ्या विमानाने व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. जुहूला धावपट्टी म्हणावी असे काही नव्हते. पावसाळ्यात ते मैदान चिखलात जाई, तेव्हा सेवा पुण्याला हलवावी लागे. सह्याद्रीवरचे ढग, धड हवामानखात्याची सूचना नाही, विमानात रेडिओ नाही, अशा स्थितीत या सेवेने पहिल्या वर्षात वक्तशीरपणाचा असा नमुना घालून दिला की सरकारी अहवालातही तिचे कौतुक झाले. लंडनचे पत्र आता मुंबईत आठ-नऊ दिवसांत पडू लागले. माणसे मात्र बोटीनेच जात राहिली. पत्राला भाडे परवडत होते, वेळापत्रकातली अनिश्चितता चालत होती; पंधरा-वीस आसनांच्या विमानात सगळी विलायत मावणे शक्य नव्हते.

१९३७-३८ मध्ये साम्राज्यभर विमानटपालाची नवी योजना आली. तिच्यासाठी शॉर्ट कंपनीची मोठी जलविमाने बांधली गेली. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या साउथॅम्प्टनहून निघालेले जलविमान तिसऱ्या-चौथ्या दिवशी कराचीला पोहोचे. रेल्वेचा टप्पा संपला, इटलीवरून जाण्याची सोय झाली. पुढे भारतात ते राजसमंद तलाव, ग्वाल्हेर, अलाहाबाद असे पाण्यावर उतरत कलकत्त्याला जाई. मुंबईचा समुद्र मोकळाच राहिला. पण हे युग फार टिकले नाही. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली, भूमध्य समुद्राचा मार्ग बंद झाला आणि लंडन ते कराची ही साखळी मधोमध तुटली.

युद्धाने मार्ग तोडला, आणि त्यानेच पुढच्या मार्गाची सामग्रीही दिली. लांब पक्क्या धावपट्ट्या, रेडिओची साधने, रात्री उडण्याचा सराव, दूरवर जाणारी चार इंजिनांची विमाने. मुंबईला सांताक्रूझचा विमानतळ युद्धातूनच मिळाला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर-इंडिया झाली. १९४८ मध्ये ४९ टक्के सरकारी भांडवलासह एअर-इंडिया इंटरनॅशनल ही वेगळी कंपनी स्थापन झाली. लॉकहीडची ‘कॉन्स्टेलेशन’ विमाने घेतली गेली आणि ८ जून १९४८ च्या मंगळवारी ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. जाहिरातीत भाडे १,७२० रुपये होते, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीच्या कराचीच्या भाड्याएवढेच, आणि दरम्यान रुपयाची किंमत पुष्कळ घसरलेली.

हा बदल नीट पाहण्यासारखा आहे. विमानाचा वेग ‘हॅनिबल’च्या तिप्पट झाला होता, प्रवासाचा काळ मात्र सात-आठ दिवसांवरून साधारण एका दिवसावर आला. उरलेली घट थांब्यांमुळे झाली. वीसेक थांब्यांच्या जागी दोन उरले. रात्री उतरण्याची गरज संपली. आतल्या हवेचा दाब राखणाऱ्या या विमानाला उंचावरून जाता येत होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, मुंबई थेट मार्गावर आली. फाळणीनंतर कराची परक्या देशात गेली होती. भारताला स्वतःचे पश्चिमद्वार हवे होते आणि ते सांताक्रूझला उघडले.

आल्प्स मात्र जागेवरच होते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे उतरत असताना तेच ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लांवर आदळले आणि त्यातले सर्व ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग त्याच पर्वतावर, जिनिव्हाच्याच वाटेवर कोसळले. त्यात ११७ जण मृत्यू पावले. डॉ. होमी भाभा त्यांत होते. १९२९ चे प्रवासी आल्प्स रेल्वेने ओलांडत होते ते उगाच नव्हे.

जेटचे युग मुंबईला आले ते आधी परक्या विमानाने. ऑगस्ट १९५२ मध्ये ब्रिटिश कंपनीची ‘कॉमेट’ विमाने लंडनहून मुंबईमार्गे कोलंबोला जाऊ लागली. लागोपाठच्या अपघातांनंतर १९५४ मध्ये ती जमिनीवर ठेवावी लागली. एप्रिल १९६० मध्ये एअर-इंडियाने बोइंग ७०७ लंडनच्या मार्गावर आणले. ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगामुळे हवेतला वेळ जवळपास निम्म्यावर आला. १९६२ मध्ये कंपनीकडे फक्त जेट विमानेच उरली; तसे करणारी ती जगातली पहिली. १९७१ मध्ये आलेल्या ७४७ ने वेग वाढवला नाही, आसने मात्र दुपटीहून जास्त केली आणि त्यामुळे भाडे सामान्य माणसाच्या आवाक्याकडे सरकू लागले. आवाजापेक्षा वेगवान ‘कॉन्कॉर्ड’साठीही एअर-इंडियाने दोन विमानांची नोंदणी केली होती, ती १९७५ मध्ये रद्द झाली.

बोटी आधीच रिकाम्या होऊ लागल्या होत्या. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझचा कालवा बंद झाला, तो १९७५ पर्यंत. बोटींना पुन्हा आफ्रिकेचा वळसा पडला आणि मुंबई-लंडन प्रवासी जहाजांचा काळ संपला. त्यासोबत प्रवासाचा अर्थही बदलला. बोटीने जाणारा विद्यार्थी पाच-सात वर्षांसाठी निरोप घेऊन जाई. घरी कुणाचे निधन झाले तर तार मिळे, जाणे शक्य नसे. लंडनमधले महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये स्थापन झाले, तेव्हा तिथल्या मराठी माणसांसाठी मायदेश दोन आठवडे दूर होता. परक्या मुलखात आपल्या माणसांचा आधार ही गरजच होती. जेटच्या काळात तीच माणसे लग्नाला, बारशाला, आजारपणात येऊ लागली, आईवडील चार महिने मुलांकडे राहून परतू लागले. डॉक्टर आणि इंजिनियर मोठ्या संख्येने बाहेर गेले, हे गमावणेही याच मार्गाने झाले.

शेवटचा थांबा सुटला तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. ७४७-४०० सारख्या विमानांना मध्ये पेट्रोल घेण्याची गरजच उरली नाही. बैरुत हे एके काळचे गजबजलेले ठाणे १९७५ पासूनच्या यादवीत मागे पडले होते. कैरो, रोम, जिनिव्हा हेही वगळले गेले. मुंबईहून लंडनला आता साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, येताना त्याहून तासभर कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि जाणाऱ्या विमानाला ते समोरून येतात.

न थांबता जाणाऱ्या विमानालाही खालच्या देशांची संमती लागते, आणि ती कधीही काढून घेतली जाऊ शकते. पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै २०१९ आपले आकाश बंद ठेवले. एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. मुंबईच्या विमानांना समुद्रावरून आखाताकडे वळण्याची सोय असल्यामुळे दिल्लीच्या तुलनेत त्यांचे नुकसान कमी होते. पण त्या वाटेवर इराण आणि इराक येतात. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि त्या भागातले आकाश तडकाफडकी बंद झाले. त्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान सुमारे तीन तास उडून परत मुंबईत उतरले, आणि त्याच वेळी लंडनहून मुंबईकडे येणारे विमान व्हिएन्नाला वळवावे लागले.